उरलंसुरलं कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉल सापडलं आमच्या वडिलांना आणि खाल्लं आमच्या आईनं. गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण एका वाक्यात सांगून मोकळं होणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही, तेव्हा सविस्तर सांगते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. वडील पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यातल्या आमच्या घरी स्थिरावले होते. थोरला भाऊ शिरवळच्या एका कारखान्यात लागला होता आणि तिथंच बिऱ्हाड करून राहत होता. मी लग्न होऊन सांगलीला, एका शाळेत आठवी-नववीला जीवशास्त्र शिकवत होते. म्हणजे साताऱ्याच्या घरात माणसं दोन, आई आणि वडील. स्वयंपाक मात्र रोज सहा माणसांचा व्हायचा, कारण आईला त्याहून लहान पातेलं हाताळायची सवयच नव्हती.

शिवाय आमच्या घरात दोन कायदे होते. अन्न टाकायचं नाही, हा पहिला. आणि जेवण चालू असताना भांडं रिकामं दिसू द्यायचं नाही, हा दुसरा. तांदूळ, मीठ, तेल यांच्या बाबतीत 'संपलं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, 'वाढलं' म्हणायचं. आणि पाहुण्याच्या पानासमोर उभं राहून भाजी संपली म्हणायची वेळ आली तर त्या घरच्या बाईनं पुन्हा चारचौघांत तोंड दाखवू नये, अशी एकूण समजूत. आता हे दोन्ही कायदे एकाच वेळी पाळायचे तर मागं उरलेलं कुणीतरी खाल्लंच पाहिजे. ते कुणी खायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, तरी घरात सगळ्यांना पाठ होतं.

कोलेस्टेरॉल साताऱ्यात आलं ते वडिलांच्या फिरायच्या कंपूतून. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर रोज पहाटे पाच-सहा पेन्शनर जोरजोरात हात हलवत चालायचे आणि त्याहून जोरजोरात बोलायचे. त्यांतले एक एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ पुण्याला जाऊन बायपास करून आले. परत आल्यावर त्यांनी शर्टाची वरची बटणं सोडून प्रत्येकाला शिवण दाखवली. ती बघून बाकीच्यांनी त्याच आठवड्यात रक्त तपासून घेतलं. मग रिपोर्टांची दहावीच्या निकालासारखी तुलना सुरू झाली. फक्त इथं जास्त मार्क म्हणजे नापास, हे काहींच्या उशिरा ध्यानात आलं. एक काका आपला आकडा सगळ्यांत मोठा निघाला म्हणून दोन दिवस ताठ मानेनं फिरत होते.

वडिलांचाही आकडा मोठा निघाला. मी मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी आले होते, म्हणून डॉक्टरांकडं त्यांच्यासोबत गेले. डॉक्टर तरुण होते, नुकताच दवाखाना टाकलेला, त्यामुळे समजावून सांगायचा उत्साह होता.

"कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे," ते म्हणाले. "शरीराला ते लागतंच. बरंचसं तर आपलं लिव्हर स्वतःच तयार करतं. प्रश्न त्याची वाहतूक कोण करतं याचा आहे. हे एलडीएल, याला आपण वाईट म्हणू. हे जास्त झालं की रक्तवाहिनीच्या भिंतीत साचत जातं. आणि हे एचडीएल, चांगलं. हे साचलेलं उचलून लिव्हरकडं परत नेतं. तुमचं वाईट वाढलंय आणि चांगलं कमी आहे. नुसत्या एकूण आकड्याकडं बघू नका."

वडिलांनी क्षणभर डोळे मिटले. सगळी हयात कालव्यावर गेलेला माणूस. मग म्हणाले, "म्हणजे एक गँग कालव्यात गाळ टाकणारी आणि एक गँग गाळ काढणारी. आमच्याकडं गाळ काढणारी कमी पडतीय."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश झाले.

"आणि गाळ साचला की टेलला पाणी पोचत न्हाई."

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. कालवा जिथं सुरू होतो ते हेड, संपतो ते टेल. हेडवाले पाण्यानं गब्बर आणि टेलवाले कोरडे, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या रक्तवाहिन्या तर मुळातच बारीक. तिथं गाळ परवडत नाही." मग त्यांनी ट्रायग्लिसराइड नावाचा रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार दाखवला. तो गोडधोड, दारू आणि नुसतं बसून राहणं यांनी वाढतो, असं कागदावर लिहूनही दिलं. वडिलांनी दारूवर बोट ठेवून "हे न्हाई" म्हणून ठणकावून सांगितलं आणि गोडधोडावरचं बोट हळूच काढून घेतलं.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. तूप-लोणी बंद, साय बंद, तळण बंद, मटणाची चरबी बंद, अंड्यातलं पांढरं चालेल पण बलक नाही. रोज चालायचं, चढण चढायची, त्यानं चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं. सल्ला उत्तम होता. तो दवाखान्यातून आमच्या घरापर्यंत येईतो त्याचं काय झालं, हा त्या बिचाऱ्या डॉक्टरांचा दोष नव्हे.

पहिल्याच सकाळी आईनं दोन अंडी उकडली. सोलून, सुरीनं चिरून, पांढरं वडिलांच्या बशीत ठेवलं. बलक दोन उरले. टाकायचे नाहीत, हा पहिला कायदा. आईनं त्यावर मीठ-तिखट टाकलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ले. दुधावरची साय काढली, ती तिच्या चहात गेली. कोरेगावजवळच्या आमच्या शेतावरून दर पंधरा दिवसांनी तूप यायचं, ते बंद करा म्हणून कळवायला कुणी धजेना, कारण पाठवणाऱ्या चुलत्यांना वाईट वाटलं असतं. तेव्हा तेही येत राहिलं आणि वडिलांच्या वाटचं आईच्या भाकरीवर पडत राहिलं. मटणाचे चरबीचे तुकडे वडील स्वतः वेचून ताटाच्या कडेला ठेवायचे, फार संयमानं, सगळ्यांना दिसेल असे. ताट उचलताना आई ते आपल्या भातात घ्यायची.

"काय ही माणसं! एवढं चांगलंचुंगलं टाकायला सांगत्यात," ती म्हणायची. "माझं काय, मी आपली उरल्यासुरल्याची धनीण."

हे ती हसत म्हणायची, आणि आम्हीही हसायचो.

वडिलांच्या पथ्याचं कौतुक मात्र पंचक्रोशीत गाजलं. त्यांच्यासाठी वेगळ्या तेलाचा डबा आला. त्यावर लालभडक हृदयाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉल-मुक्त'. मी वडिलांना म्हटलं, "अहो, कुठल्याच झाडाच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. आपल्या घाण्याच्या शेंगतेलातही नव्हतं. ते प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असतं."

"मग डब्यावर लिहिलंय ते खोटं?"

"खोटं नाही, खरंच आहे. उद्या मिठाच्या पुड्यावर 'हाडं नाहीत' असं लिहिलं तर तेही खरंच असेल."

वडिलांनी डबा फिरवून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "तू पोरांना शिकव. हे लोक लाखांनी जाहिरात करत्यात, त्यांना काय कळत न्हाई व्हय?" त्यांच्या कंपूतल्या एकानं तर मुक्त म्हटलंय म्हणून त्या तेलात रोज संध्याकाळी भजी तळायला लावली.

आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, हा तर आमच्याकडचा सगळ्यांत पवित्र नियम. वडिलांना छातीत कळ कधी आली नव्हती, चक्कर आली नव्हती, नुसता एक कागद आला होता. तरी बघायला रीघ लागली, आणि प्रत्येक जण काहीतरी खायला घेऊन आला. कंदी पेढे, बाकरवड्या, खाजा, चिवडा. तुपाचं पथ्य असलेल्या माणसाला बघायला तूप घेऊन येणारी माणसं मी त्या वर्षी डोळ्यांनी पाहिली. या सगळ्यांवर कडी केली ती सांगलीच्या आत्यानं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वडील तिला आक्का म्हणायचे. ती डिंकाच्या लाडवांचा भलामोठा डबा मांडीवर ठेवून एसटीनं आली.

"आक्का, मला हे चालत न्हाई," वडील म्हणाले.

"आरं, घरच्या म्हशीच्या तुपातलं हायत. ह्यात कसलं आलंय कॉलेस्टर? त्ये समदं इकतच्या मालात असतंय."

हा सिद्धांत आत्याचा एकटीचा नव्हता. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत चांगल्या आणि वाईट कोलेस्टेरॉलचा लोकांनी लावलेला अर्थ तोच होता. घरचं ते चांगलं, विकतचं ते वाईट. आपल्या म्हशीचं दूध पिऊन आपल्याच माणसाचं वाईट होईल, हे कुणाच्या कल्पनेतच बसेना. मी वर्गात फळ्यावर रक्तवाहिनी काढून पोरांना समजावायचे आणि घरी आत्यापुढं माझं एक अक्षर चालायचं नाही. वडिलांनी मात्र तेवढ्यापुरता डॉक्टरांचा शब्द पाळला आणि लाडवाला हात लावला नाही. आत्या चार दिवस राहून गेली. डबा राहिला. तो महिनाभरात रिकामा झाला, कसा झाला ते सांगायला नकोच.

सहा-आठ महिन्यांनी वडिलांची पुन्हा तपासणी ठरली. तपासणी उपाशीपोटी करायची म्हणून लॅबचा माणूस सकाळी घरीच आला. आईनं त्याला पोहे दिले, चहा दिला. दिवाळीच्या सुट्टीत मीही तिथं होते. मी म्हटलं, "आईचंही रक्त घ्या की."

"माझं?" आई दचकली. "आवं, मला काय झालंय? आन माझ्या अंगात रगत तरी हाय का द्यायला?"

वडिलांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्याकडं आता शास्त्र होतं. "तिचं कशाला? दिवसभर कामात असती. कामानं चांगलं कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं. आन ती केवढी बारीक हाय बघ. बारीक माणसाला हे न्हाई होत."

आई खरंच काडीसारखी होती. वडिलांचं पोट सुटलेलं. कुणाला तपासायचं हे नुसतं बघूनच ठरण्यासारखं होतं. लॅबच्या माणसानं मान डोलावली, मी मान डोलावली आणि पोह्यांची कढई विसळायला आई आत गेली. जिना चढून वर गच्चीत वाळवण घालायला गेली की तिला मध्येच थांबावं लागायचं, हे मी त्याच सुट्टीत पाहिलं होतं. ती म्हणायची, पित्त आहे. कधी जबड्यात ठणका लागायचा तेव्हा ती दाढेखाली लवंग धरून बसायची. दाढ मात्र धडधाकट होती.

वडिलांचा रिपोर्ट छान आला. वाईट उतरलं होतं, चांगलं चढलं होतं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. वडिलांना एवढा आनंद झाला की त्यांनी कोलेस्टेरॉल उतरल्याबद्दल गल्लीत कंदी पेढे वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही, हे त्यांनी प्रत्येक घरी सांगितलं. वाटून उरलेला पुडा आईकडं आला.

यानंतर वडील हृदयविकाराचे जाणकार झाले. दवाखान्यातली माहितीपत्रकं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, पुण्याहून मागवलेली एक पुस्तिका, सगळं त्यांच्या उशाशी. झटक्याची लक्षणं त्यांना मुखोद्गत होती आणि रोज सकाळी उठल्यावर ती ते स्वतःत शोधायचे. जबडा दाबून बघायचे. डावा हात उचलून बघायचे, जड वाटतो का. कपाळाला हात लावून घाम गार आहे की गरम ते ठरवायचे. "झटका म्हणजे नुसती छातीत कळ नव्हे," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "काहींना नुसता दम लागतो, काहींना मळमळतं, काहींचा जबडा दुखतो. लोक पित्त समजून बसत्यात आन जात्यात." हे प्रवचन चालू असताना आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन यायची आणि कप ठेवून जायची. मला आज त्या दृश्याचा जेवढा संताप येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही.

मग सांगलीला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. थंडीचे दिवस होते. आई-वडील आदल्या दिवशीच आले. आईनं आल्या आल्या पदर खोचला. पुरणपोळ्या करायला दोन बायका बोलावल्या होत्या, पण त्यांच्या पोळ्या फाटतात असं ठरवून ती स्वतःच पोळपाटापाशी बसली. वडील मांडवात खुर्चीवर बसून पाहुण्यांना चांगल्या-वाईटातला फरक समजावून सांगत होते. शेजारचे हळदीचे व्यापारी, जैन गृहस्थ, संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवणारे, ते म्हणाले, "आमचं जेवण लवकर असतं म्हणून आमच्यात हे कमी." वडिलांनी त्यांना त्यांच्याच पानातली तुपाची वाटी दाखवून गप्प केलं.

पंगती उठल्या. शेवटी आचारी, वाढपी आणि आई बसली. पाहुण्यांच्या आग्रहाला पुरून उरलेल्या पोळ्या होत्या, तुपाचं पातेलं होतं, बासुंदी होती, तळलेल्या कुरडया होत्या. आईनं सगळं नीट संपवायला घेतलं. जेवून ती पातेलं उचलायला वाकली आणि तशीच मागच्या पायरीवर बसली.

मी गेले तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. एक हात जबड्याला, दुसरा पाठीमागं. "पित्त झालंय," ती म्हणाली. बायका जमल्या. कुणी आल्याचा रस आणला, कुणी सोडा. आत्यानं मीठ-मिरच्या आणून दृष्ट काढली आणि मिरच्या जाळल्या. ठसका कुणालाच लागला नाही, तशी ती म्हणाली, "बघा, कवाची दिष्ट लागलीया. एवढं मोठं घर झालं पोरीचं." मीही पाठीवर हात फिरवत होते आणि पित्तावर काय द्यावं याचाच विचार करत होते.

तेवढ्यात वडील ताक मागायला आत आले. त्यांनी आईकडं बघितलं आणि तिथंच थांबले.

"कुठं दुखतंय?"

"काय न्हाई वं. पित्त हाय."

"जबडा दुखतोय?"

"हं."

"डावा हात जड?"

आईनं होकाराची मान हलवली. वडिलांनी तिच्या कपाळाला हात लावला. ज्या हातानं ते रोज स्वतःचं कपाळ चाचपायचे, त्याच हातानं. मग आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले, "हे पित्त न्हवं! ही माझी लक्षणं हायत!"

आत्या म्हणाली, "तुझी लक्षणं तिच्यात कशी येतील रं?"

"गाडी बघा!" वडील पुन्हा ओरडले.

हळदवाल्यांची मारुती व्हॅन दारात होती. त्यांनी जेवणाच्या, सुपारीच्या, कशाच्याही चौकशा न करता ती काढली आणि आम्ही मिरजेच्या दवाखान्याकडं निघालो. वडील आईचा हात धरून बसले होते. लोकांसमोर त्यांनी तिचा हात धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आई अर्धवट डोळे मिटून म्हणत होती, "बासुंदीवर झाकण ठिवलं न्हाई. मुंग्या लागतील." मी "ठेवलंय, ठेवलंय" म्हणत होते, आणि मनात एकच होतं, की ही आता गेली तर बासुंदीचं बोलत जाईल.

ती गेली नाही. झटकाच होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस आयसीयूत काचेमागं ठेवलं. तिथले मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. बायकांच्या बाबतीत बहुतेक उशीर होतो, कारण घरच्यांना ते पित्तच वाटतं. कुणी ओळखलं?"

 आम्ही वडिलांकडं बोट दाखवलं. कोलेस्टेरॉल वाढल्यापासून त्यांनी चालवलेल्या स्वतःच्या ज्या लाडाकोडाला आम्ही सगळे मनातल्या मनात हसत होतो, त्याच लाडानं आईला वाचवलं होतं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

मग आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला. तिनं वडिलांना कितीतरी मागं टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बारीक माणसाचंही वाढतं. चण वेगळी आणि रक्त वेगळं. काही घराण्यांत ते मुळातच असतं, आणि पाळी गेल्यावर बायकांचं नैसर्गिक संरक्षणही कमी होतं." यावर वडील आणि आमचे हे दोघेही छताचा पंखा बघायला लागले. "त्यात खाण्याची भर," डॉक्टर पुढं म्हणाले. "आजी, जेवणात काय असतं तुमच्या?"

आईला प्रश्नच कळला नाही. तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "माझ्या जेवणात?" ती म्हणाली. "माझं वेगळं काय नसतं वं. ह्यास्नी चालत न्हाई ते."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. वडील खोलीतून बाहेर गेले.

ते मला व्हरांड्यातल्या बाकावर सापडले. मी शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "नोकरीत कालव्याची पाहणी असायची. आमी हेडला जीप लावायचो. तिथं सावली असायची, चहा यायचा. टेलला कोण जातंय उन्हाचं? हेड झकास दिसलं की टेल पण बराबर हाय म्हणून शेरा मारून मोकळे." आणि चष्मा काढून पुसायला लागले.  बोलायला माझ्याकडं होतं पुष्कळ, पण त्या बाकावर ते माझ्याआधीच सगळं स्वतःला बोलून बसले होते.

आई साताऱ्याला परतली ती गोळ्या आणि पथ्य घेऊन. दोघांचं पथ्य आता सारखंच. चुलत्यांना वाईट वाटेल की नाही याचा विचार न करता वडिलांनी तूप बंद केल्याचा निरोप पाठवला. चुलत्यांना वाईट वाटलं, आणि ते जिवंत राहिले. मग वडील स्वतः भांड्यांच्या दुकानात जाऊन दोन माणसांच्या भाताचं एक लहानसं पातेलं घेऊन आले. आई त्याच्याकडं बघून म्हणाली, "हे भातुकलीतलं आणलं काय? कुणी आलं-गेलं तर?" मोठं पातेलं वडिलांनी माळ्यावर टाकलं आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

आणि कोणीतरी आलंच. दोन महिन्यांनी, मी साताऱ्यात असतानाच, आत्या न कळवता दत्त म्हणून उभी राहिली. या वेळी डबा नव्हता, एवढी सुधारणा. आईनं भाकरी आणखी थापल्या, पण भात आणि आमटी होती तेवढीच. वडिलांनी हट्टानं आईलाही आमच्या पंगतीला बसवलं. ती पाटाच्या अगदी कडेला बसली होती, कधीही उठता येईल अशी.

आत्यानं आमटी-भात चाटूनपुसून खाल्ला आणि पान पुढं केलं. "आमटी झ्याक झालीया. घाल जरा."

आईनं पातेल्याकडं बघितलं. तळाला काही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला दवाखान्यातही दिसलं नव्हतं. तिनं लगेच आपल्या पानातली आमटीची वाटी उचलली, अजून बोट न लावलेली, आणि आत्याकडं द्यायला अर्धी उठली.

"खाली बस," वडील म्हणाले. मग आत्याकडं वळून त्यांनी पातेलं उचललं, तिरकं करून तिला त्याचा तळ दाखवला. "संपलं, आक्का."

आत्याचा हात पानावरच राहिला. "आरं, असं बोलू नगं. वाढलं म्हनावं."

"संपलं," वडील पुन्हा म्हणाले, सावकाश, आमच्या तिघींनाही ऐकू जाईल असं. "आमटी संपली, भात संपला. तिच्या वाटीत हाय ती तिची हाय."

 आत्यानं पान मागं घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. आई वाटी हातात धरून थोडा वेळ तशीच अवघडून राहिली. मग खाली बसली, वाटी पानात ठेवली, आणि आमच्या सगळ्यांसोबत तिनं आपली आमटी खाल्ली.